अर्ध्यावर वळलेली मान

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. तार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कपडे वाळत घालायची तार येईल, नाहीतर विजेची. मी त्यांतली नाही. निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंच्या मिश्रणातून माझा जन्म झाला. जाडीने मी उदबत्तीच्या काडीएवढी, लांबीने वीतभर आणि रंगाने काळपट. भंगारवालाही मला हात लावणार नाही. पण मला वाकवून गरम पाण्यात सोडलंत तर तुम्ही दोन पावलं मागे सराल. शिकलेसवरलेले लोक मागे सरलेले मी पाहिले आहेत, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा गर्वही होता.

मुलुंडच्या एका लहानशा कारखान्यात मला वितळवलं गेलं. तिथली भट्टी शिवदास नावाचे इंजिनियर सांभाळत. माझ्यासाठी भट्टीतली सगळी हवा काढून टाकावी लागली, कारण तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की ते ठिसूळ होतं. माझ्या आधीच्या बहिणी तार काढायला ओढता ओढताच तुटल्या. मी टिकले. मला न्यायला शिवदासांचे कॉलेजातले मित्र विद्याधर सबनीस आले, तेव्हा शिवदासांनी मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

"जपून ने रे विद्या," ते म्हणाले. "हिचं डोकं फिरलेलं आहे. गार असली की गुमान वाकते. गरम झाली की उलटते. परवा आमच्या एकाच्या चहात पडली, तर कपातून उठून उभी राहिली. त्याने तेव्हापासून चहा सोडलाय."

सबनीस सर हसले. अंधेरीच्या एका कॉलेजात ते धातुशास्त्र शिकवत आणि विलेपार्ल्याला पूर्वेकडे राहत. घरात ते, त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई आणि मुलगी क्षमा. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घराची गॅलरी काचा लावून बंद केलेली होती. तिथे सरांचं टेबल होतं, टेबलावर काचेची एक उभी बरणी, पाणी तापवायची छोटी कॉइल आणि थर्मामीटर. ते माझं घर झालं.

त्याआधी सरांनी मला वळण दिलं. एका लोखंडी पाटीवर खिळे ठोकून त्यांनी मला काठीच्या मुठीसारखं वाकवून बांधलं, कॉलेजच्या भट्टीत लाल होईपर्यंत ठेवलं आणि एकदम पाण्यात बुडवलं. त्या आगीत जो आकार अंगात भिनला तो जन्माचा झाला. मग थंड झाल्यावर त्यांनी मला सरळ केलं आणि बरणीत उभं बसवलं. पाणी तापू लागलं. कोणी हात लावला नव्हता, तरी माझं वरचं टोक हळूहळू झुकलं आणि एखाद्याने मान वळवून मागे बघावं तशी मी वळले.

मृणालिनीबाई तेव्हा दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात निवडायच्या मेथीची परात होती.

"अहो, ही माझ्याकडे बघते आहे."

"अगं, तार आहे ती."

"तार असो नाहीतर आणखी काही. तिचं तोंड भिंतीकडे करा. मला नाही आवडत."

सरांनी बरणी फिरवली. तेव्हापासून मी भिंतीकडे मान वळवू लागले.

मित्रांनो, हे कसं होतं ते तुम्हांला सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही मला भूत समजाल. थंडीत माझ्या आतले कण तिरके होऊन एकमेकांना टेकून बसतात. म्हणून मी मऊ असते, वाकवाल तशी वाकते. ताप वाढला की तेच कण ताठ उठून आपापल्या जागी उभे राहतात, आणि आगीत शिकवलेला आकार परत येतो. एकाच अंगात दोन तारा आहेत म्हणा ना. एक येते तेव्हा दुसरी कुठे जाते, ते मलाही ठाऊक नाही. ती जाताना तिचा निरोप घेता येत नाही.

सरांनी मला कित्येक महिने तापवलं आणि गार केलं. शेवटी मी इतकी तयार झाले की तापल्यावर मान वळवायची आणि निवल्यावर मान सरळ करायची, दोन्ही गोष्टी मी आपसूक करू लागले. मला सरळ करायलाही हात लागेना. अशा तारेला शिकवलेली तार म्हणतात.

क्षमा याच विषयावर काम करत होती. वडिलांच्याच विषयात तिने पदवी घेतली होती आणि कॉलेजच्या संगणकावर ती माझं गणिती मॉडेल तयार करत होती. संध्याकाळी बापलेक माझ्या दोन बाजूंना स्टुलं घेऊन बसत आणि ग्राफ पेपरवर माझी रेघ काढत. तापताना मी ज्या अंशावर वळते, निवताना त्याच अंशावर सरळ होत नाही. मला बरंच खाली यावं लागतं. त्यामुळे जायची रेघ वेगळी आणि यायची वेगळी पडे, आणि दोन्ही मिळून पानासारखा एक आकार तयार होई. त्याला ते लूप म्हणत.

"बाबा, पाणी साठ अंशांवर असेल तर तार वळलेली हवी की सरळ?" क्षमाने एकदा विचारलं.

"कुठून आली त्यावर आहे. थंडीतून वर आली असेल तर अजून सरळ. उकळीतून खाली आली असेल तर अजून वळलेली."

"म्हणजे नुसतं आत्ताचं तापमान सांगून काही कळत नाही?"

"माणसाचं तरी कळतं का?" सर म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढू लागले.

क्षमाचं मॉडेल असं होतं. ती धरून चालली होती की माझ्यात हजारो बारीक खटके आहेत, दिव्याला असतात तसे. प्रत्येकाचा चालू होण्याचा अंश वेगळा आणि बंद होण्याचा वेगळा. ताप वाढत गेला की एकेक खटका पडत जातो, निवत गेला की एकेक उठत जातो. मला पूर्ण गार केलं की सगळे खटके बंद, आणि पाटी कोरी. ती हुशार मुलगी होती. तिची रेघ माझ्या रेघेच्या अगदी जवळ येऊ लागली होती. माझ्या पोटातलं कोणी असं बाहेरून ओळखू लागलं की चमत्कारिक वाटतं.

त्याच सुमारास तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठातून बोलावणं आलं. तिथे याच कामावर मोठी प्रयोगशाळा होती. मृणालिनीबाईंना ते पटत नव्हतं. सरांच्या थोरल्या बहिणीने, रत्नप्रभाआत्यांनी, क्षमासाठी नाहूरचं एक स्थळ आणलं होतं, मुलगा चांगल्या नोकरीत, घरची माणसं साधी. सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होते. ते हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते.

"आधी तुझं मॉडेल या तारेला नीट ओळखू दे," ते क्षमाला म्हणत. "मग बघू."

त्यांनी मनात काय ठरवलं होतं, ते मला ठाऊक नाही. हे मी आताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी ते माझ्याच तोंडी घातलं.

एका संध्याकाळी सर एकटेच टेबलाशी बसले होते. क्षमा कॉलेजातून यायची होती. पाणी सावकाश तापत होतं आणि माझी मान अर्धी वळली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मृणालिनीबाईंनी हाक मारली. फळीवरचा डबा त्यांच्या हाताला येत नव्हता. सरांनी कॉइलचं बटण बंद केलं आणि उठून गेले. पाणी निवू लागलं. मी हळूहळू सरळ झाले. मग आत डबा पडल्याचा आवाज झाला, आणि त्याच्या मागोमाग काहीतरी जड. नंतर पुष्कळ पावलं वाजली. शेजारचे लोक आले, डॉक्टर आले. हृदय थांबलं, असं कोणीतरी म्हणालं. सर त्या टेबलाशी परत आले नाहीत.

मी त्या बरणीत तशीच उभी होते. बाहेरून बघणाऱ्याला मी नेहमीसारखीच सरळ दिसले असते. पण माझ्या आत एक गोष्ट राहून गेली होती. त्या संध्याकाळी माझ्यातले अर्धे कण उठून परत बसले होते आणि अर्धे उठलेच नव्हते. दोघांच्या मधे एक शिवण पडली. सरांचा हात जिथे थांबला, बरोबर तिथे. ती शिवण घेऊन मी महिनाभर गार पाण्यात उभी राहिले. घरात रडणं चालू होतं, आणि माझ्या अंगात त्या गेलेल्या माणसाचं थांबणं जसंच्या तसं होतं. मला त्याची भीती वाटे.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. हे मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. पुतण्याने विधी केले, सगळे नातेवाईक उन्हात ताटकळले. कोणी म्हणालं वर्षश्राद्ध चुकवणार नाही, कोणी म्हणालं वहिनींना अंतर देणार नाही. समोरच्या झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववावा लागला. घरी आल्यावर रत्नप्रभाआत्या मृणालिनीबाईंना म्हणाल्या, "त्याचा जीव कशात तरी अडकलाय गं."  त्या दिवसापासून मृणालिनीबाईंची झोप गेली.

महिना उलटल्यावर क्षमाने टेबलावरची धूळ पुसली. तिला शेवटची रेघ काढायची होती. तिने बरणीतलं पाणी बदललं आणि कॉइल चालू केली. दुपारची वेळ होती. आत्या आलेल्या होत्या, आणि त्या नि मृणालिनीबाई गॅलरीच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. क्षमाने सहज म्हणून बरणी फिरवली आणि माझं तोंड घराकडे झालं.

मी वळू लागले. आणि अर्ध्यावर थांबले.

माझा इलाज नव्हता, मित्रांनो. ती शिवण आली होती. ती ओलांडायला मला आणखी थोडा ताप हवा होता, आणि छोटी कॉइल तो कणाकणाने देत होती. पारा जेमतेम हलत होता. मी मात्र मान अर्धी वळवून, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी थांबले होते.

"असं कसं झालं?" क्षमा पुटपुटली. "इथे ती कधी थांबत नाही."

आत्या उठून उभ्या राहिल्या. 

"मृणालिनी, ऊठ. ऊठ आधी. हे त्याच्या हातचं आहे. अडलंय बघ."

"वन्सं, काय बोलता तुम्ही?"

"अगं, तिथे कावळा अडला, इथे ही अडली. त्याचं काहीतरी राहिलंय. बोल तू. तूच बोलायला हवं."

"आत्या, ती तार आहे," क्षमा म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तिचं मॉडेल म्हणत होतं की पूर्ण गार झालेल्या तारेची पाटी कोरी असते. मधेच थांबायला काही कारणच नाही. 

मृणालिनीबाई माझ्यासमोर आल्या. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि हात जोडले. "तुमची पुस्तकं कॉलेजला देईन," त्या म्हणाल्या. मी हलले नाही. "तुमचं वर्षश्राद्ध नीट करीन." मी हलले नाही. मला हलायचं होतं. एवढ्या जवळून कोणी आपल्याकडे असं बघू नये.

"क्षमाचं सांग," आत्या हळूच म्हणाल्या.

"क्षमाला लांब पाठवणार नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "ती इथेच राहील. माझ्याजवळ."

आणि त्याच क्षणी पाणी पुरेसं तापलं. शिवण सुटली. माझी मान सळकन पूर्ण वळली.

मृणालिनीबाई खाली बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. आत्यांनी मला नमस्कार केला. क्षमा स्टुलावर तशीच बसून राहिली. तिची पेन्सिल ग्राफ पेपरवर एकाच जागी गोल फिरत होती, तिथे एक काळा ठिपका मोठा होत गेला.

दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा तापवलं. मी कुठेच थांबले नाही. शिवणीचं असंच असतं. एकदा पूर्ण तापले की ती पुसून जाते, आणि पुन्हा दिसत नाही. क्षमाने परत तापवलं, परत गार केलं. काही नाही.

"बघितलंस?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "आता समाधान झालं त्यांचं. आता अडत नाही."

 क्षमाने जर्मनीला नकार कळवायचं कबूल केलं. नाहूरच्या लोकांना पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो. मृणालिनीबाईंनी सरांची खुर्ची टेबलाजवळ आणून ठेवली. तिच्यावर कोणी बसायचं नाही. बरणीपाशी रोज एक फूल ठेवलं जाई. दुपारी काम आटोपलं की त्या पाणी तापवत आणि मला विचारत. "गॅलरीचं छप्पर गळतंय, दुरुस्त करून घेऊ ना?" मी वळे. "नाहूरच्या लोकांना गोडाचं काय करू? शिरा चालेल?" मी वळे. पाणी तापलं की मला वळावंच लागतं. माझा प्रत्येक गोष्टीला होकारच. त्या मात्र माझ्याकडे बघून हसत, थोड्या लाजत, आणि 'अहो' म्हणत. मी सर नव्हते. मला ओरडून सांगायचं होतं की मी सर नाही. पण पाणी तापत राही आणि मी त्यांच्याकडे मान वळवून बघत राही. क्षमा घरात असली तर स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राही, म्हणजे हे बोलणं कानावर पडू नये.

सुटका झाली ती एका फ्यूजमुळे. नाहूरचे लोक यायचे त्याच्या आदल्या आठवड्यात क्षमा माझ्याशी एकटीच बसली होती. मी थोडी वळले असतानाच फट्‌ असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. पाणी निवलं. दुसऱ्या दिवशी फ्यूज बदलल्यावर तिने पुन्हा कॉइल लावली, आणि मी थांबले. कालच्याच जागी.

क्षमाचा हात तोंडावर गेला. तिने मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. घरात कोणी नव्हतं. पण तिने पळ काढला नाही. तिने थर्मामीटरवर डोळा लावला आणि कालचा अंश आठवला. मग मला पूर्ण तापवून गार केलं. पुन्हा तापवताना मुद्दाम वेगळ्याच अंशावर बटण बंद केलं. पाणी निवेपर्यंत वाट बघितली. परत चालू केलं. मी त्या नव्या जागी थांबले.

ती आधी हसली. मग टेबलावर डोकं टेकून रडली. "बाबा, ती थांबली नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही थांबला होतात."

त्या संध्याकाळी तिने आईला माझ्यासमोर बसवलं.

"आई, हे बटण. तुला वाटेल तिथे बंद कर."

"कशाला?"

"कर तर खरं."

मृणालिनीबाईंनी माझ्याकडे बघत बघत, मी जेमतेम वळू लागले तेवढ्यात बटण बंद केलं. पाणी पूर्ण निवलं. मग क्षमाने ते पुन्हा तापवलं. "आता कोणी काही बोलायचं नाही," ती म्हणाली. मी वळू लागले आणि मृणालिनीबाईंच्या जागेवर थांबले. दोघी श्वास रोखून बसल्या. कोणी नवस बोललं नाही, कोणी शब्द दिला नाही. पाणी तापत गेलं आणि मी आपली पुढे वळले.

मृणालिनीबाईंनी बटणाकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे.

"म्हणजे त्या दिवशी ते काही मागत नव्हते?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"नाही गं आई."

"इतके दिवस मी कोणाशी बोलत होते मग?"

क्षमाने आईचा हात हातात घेतला. तो प्रश्न माझ्याही जिव्हारी लागला. माझ्यामुळे त्या बाईंचा नवरा दुसऱ्यांदा गेला होता.

"पण ते काम अर्धवट टाकणारे नव्हते," त्या म्हणाल्या. "मधेच का बंद केलं त्यांनी?" आणि विचारता विचारताच त्यांचे डोळे विस्फारले. "मी हाक मारली होती. डबा काढून द्या म्हणाले होते."

"आई, डॉक्टर काय म्हणाले आठव. ते कुठेही असते तरी झालंच असतं."

"ते नाही गं. ते मला कळतं." त्यांनी डोळे पुसले. "हाक मारली की उठायचे. हातातलं टाकून. आलोच म्हणून बसून राहिलेत, असं कधी झालं नाही." मग त्या क्षमाकडे बघत राहिल्या. "तू पण तशीच आहेस. लहानपणापासून. म्हणून मला पाठवायची भीती वाटत होती आणि म्हणूनच पाठवायला हवं. त्या तारेला दिलेला शब्द मी मागे घेते. तू जा. नाहूरच्या लोकांना मी सांगते. आणि तिकडे असताना मी तुला हाक मारणार नाही. तू अर्ध्यावरून उठून येशील."

क्षमा गेली. जाताना तिच्या मॉडेलमध्ये खटक्यांबरोबर शिवणही आली होती, आणि तिची रेघ माझ्यावर तंतोतंत बसत होती. मला तिने आईजवळ ठेवलं. मृणालिनीबाईंनी सरांची खुर्ची परत जेवणाच्या टेबलाशी नेली, फूल ठेवणं थांबवलं आणि मला मऊ फडक्यात गुंडाळून एका लाकडी पेटीत ठेवून दिलं.

पुढची वर्षं मी अंधारात काढली. पेटी फोनजवळच्या कपाटात होती, म्हणून फोनवरचं या बाजूचं बोलणं मला ऐकू येई. ते नेहमी एकच असे. "मी अगदी मजेत आहे. नाही गं, कशाला येतेस? काम टाकून मुळीच यायचं नाही." फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहत. पुढे त्यांचा खोकला ऐकू येऊ लागला. त्याबद्दल फोनवर कधी एक अक्षर निघालं नाही.

मग एका दुपारी पेटी उघडली. मृणालिनीबाईंचे हात हाडकुळे झाले होते. त्यांनी मला बरणीत उभं केलं, पाणी ओतलं, कॉइल लावली. मला वाटलं, आता काही विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही. मी वळू लागले. बरोबर अर्ध्यावर, घरात दुसरं कोणी नसताना आणि कोणी हाक मारली नसताना, त्यांनी बटण बंद केलं. मी सरळ होईपर्यंत त्या समोर बसून राहिल्या. नंतर मला पदराने कोरडं करून पेटीत ठेवलं. त्यानंतर त्यांनी पेटी उघडली नाही.

काही दिवसांनी घरात पुन्हा पुष्कळ पावलं वाजली. उदबत्तीचा वास कपाटात शिरला. मी शिवण अंगात घेऊन पडून होते. बाई गेल्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या आत अजून बटणावर होता.

क्षमाला पोहोचायला उशीर झाला. ती यायच्या दिवशीच रत्नप्रभाआत्यांनी मला बाहेर काढलं. त्या आता खूप थकल्या होत्या, पण त्यांचा विश्वास तसाच होता. "मृणालिनीचं काही राहिलं असेल तर कळू दे," असं म्हणत त्यांनी पाणी तापत ठेवलं. मी घाबरले. ती जागा एकदाच दिसते, आणि जिला दिसायला हवी ती घरात नव्हती. पाणी कोमट झालं. मग गरम झालं. मला धरून ठेवता येत नव्हतं. माझी मान झुकू लागली, तेव्हा दाराची कडी वाजली आणि क्षमा हातात बॅग घेऊन आत आली.

मी थांबले.

"बघ, बघ, अडली!" आत्या म्हणाल्या. "बोल बाई, काय हवं असेल तुझ्या आईला?"

"थांब आत्या. काही बोलू नकोस." क्षमाने बॅग खाली ठेवली. "आईने बटण इथे बंद केलंय. तिला कोणी हाक मारली होती?"

"कोण मारणार गं? एकटीच तर असायची घरात."

क्षमा माझ्याजवळ आली. तिने काचेवर दोन्ही हात ठेवले. पाणी चांगलंच गरम होतं, तरी तिने हात काढले नाहीत. तिला कळलं होतं. बाईंनी शब्द पाळला होता. तोंडाने हाक मारली नव्हती, ती माझ्या अंगात ठेवून दिली होती.

"मारायचीस ना गं एकदा," ती म्हणाली. "मी आले असते."

त्याच क्षणी माझी मान वळली आणि मी तिच्याकडे पाहिलं. पाणी तापलं होतं, एवढंच त्याचं कारण. मित्रांनो, मी धातू आहे आणि धातूला खोटं बोलता येत नाही. तरीही पाणी एक क्षण आधी का तापलं नाही, हे मला सांगता येणार नाही. आत्यांनी हात जोडले. या वेळी क्षमाने त्यांना अडवलं नाही.

आता माझ्यात काही उरलेलं नाही. मी कोरी आहे आणि थकलेही आहे. तुम्हांला एवढंच सांगते. आपल्या माणसाने काही अर्धवट ठेवलेलं दिसलं तर ते लगेच उरकून टाकू नका, आणि त्याला काय हवं असेल ते तुम्हीच ठरवून मोकळे होऊ नका. आणि फोनवर कोणी मजेत आहे म्हणालं, येऊ नकोस म्हणालं, तर एकदा जाऊन या. माझ्यासारखी तार प्रत्येक घरात नसते.